नौका-इंधनभरणी व आग
होडीच्या इंजिनासाठी पेट्रोल भरताना उद्भवणारा धोका. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी धुळ्यात असते. अशा तुकडीच्या पुरात उतरणाऱ्या रबरी होड्या मागे लावलेल्या पेट्रोल इंजिनावर चालतात. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. मग भुसावळच्या ४५ अंशांच्या मे महिन्याचे काय सांगावे! ही वाफ हवेहून तीन-चार पट जड. मोटारीखालची वाऱ्याने उडून जाते, होडीच्या तळात मात्र पाण्यासारखी साचून राहते. म्हणून सुटी टाकी काठावर आणून, जमिनीवर टेकवूनच भरतात. इंजिन बंद, विडी विझलेली. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नये, आग पसरते. फेस किंवा कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक वापरावे.