मुरगाव बंदरातली जहाजे आणि तटस्थतेची कसोटी

होटगी जंक्शनवरून निघालेला मीटरगेजचा रूळ विजापूर, गदग, हुबळी, लोंढा करत कॅसल रॉकला पोहोचायचा आणि घाट उतरून पोर्तुगीज हद्दीतल्या मुरगाव बंदरात संपायचा. गोव्यातला हा लोहमार्ग 1878च्या अँग्लो-पोर्तुगीज तहातून उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात या रुळाचे एक टोक लढणाऱ्या साम्राज्यात होते, दुसरे तटस्थ राज्यात. तटस्थ राष्ट्र परक्या युद्धात कसे ओढले जाते हे तपासायला मुरगावसारखे ठिकाण नाही. तिथे एकच पेच दोन्ही महायुद्धांत उभा राहिला आणि दोन्ही वेळा त्याचा शेवट वेगळा झाला.

पेच जहाजांचा होता. युद्ध सुरू झाले की शत्रूच्या आरमाराला चुकवण्यासाठी व्यापारी जहाजे जवळचे तटस्थ बंदर गाठतात. त्यांना आसरा देण्यात नियमभंग नाही. मात्र 1907च्या हेग करारांनुसार आपल्या बंदराचा लढाईसाठी तळ होऊ न देणे, तिथून लष्करी बिनतारी संदेश जाऊ न देणे, ही जबाबदारी तटस्थ राष्ट्राची असते. ती पेलण्याइतके बळ त्याच्याकडे नसेल, तर आसऱ्याला आलेले जहाजच त्याच्या गळ्याशी येते.

1914 साली पोर्तुगाल युद्धाबाहेर होता. त्याच्या ताब्यातल्या अंगोलाच्या सीमेवर जर्मन तुकड्यांशी रक्तपात झाला, तरी युद्ध पुकारले गेले नाही. पाणबुड्यांनी ब्रिटनच्या जहाजांचा फडशा पाडायला सुरुवात केल्यावर मात्र पोर्तुगीज बंदरांत अडकलेल्या सुमारे 70 जर्मन जहाजांवर लंडनची नजर गेली. जुन्या मैत्रीच्या तहाचा हवाला देऊन ब्रिटनने ती मागितली. फेब्रुवारी 1916मध्ये पोर्तुगालने ती ताब्यात घेतली. मुरगावातलीही त्यात होती. 9 मार्च 1916 रोजी जर्मनीने युद्ध पुकारले. पण हे केवळ दडपणाने घडले असे मानणे चूक ठरेल. 1910 साली जन्मलेल्या प्रजासत्ताकाच्या नेत्यांना युरोपात मान्यता हवी होती, वसाहती टिकवायच्या होत्या. त्यांच्यातल्या अनेकांना युद्ध हवेच होते. जहाजांनी निमित्त पुरवले.

बरोबर 27 वर्षांनी, 9 मार्च 1943च्या पहाटेपूर्वी, त्याच बंदरात एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आन्फोरा हे इटालियन जहाज पेटले. एहरेनफेल्सवरच्या गुप्त प्रक्षेपकावरून पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांची खबर जाते, असा ब्रिटिशांचा ठाम संशय होता. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या स्वयंसेवी पलटणीचे प्रौढ, निवृत्तीकडे झुकलेले स्वयंसेवक ‘फीबी’ नावाच्या गाळवाहू नौकेतून आले आणि एहरेनफेल्सवर चढले. तिचा कप्तान मारला गेला, जर्मन खलाशांनी जहाजे बुडवली. गणवेशातले सैनिक न पाठवण्यामागे हिशेब होता: लिस्बनमधल्या पोर्तुगीज सरकारला कानाडोळा करता यावा. लिस्बननेही तो केला. ब्रिटनशी संबंध तोडले नाहीत. पकडले ते बुडालेल्या जहाजांचे खलाशी. हे प्रकरण 1978पर्यंत झाकलेलेच राहिले.

कायद्याने पाहिले तर 1943चा आघात 1916पेक्षा गंभीर होता, कारण या वेळी पोर्तुगालचे सार्वभौमत्व उघड मोडले गेले. तरी युद्ध झाले नाही. माझ्या मते याची कारणे दोन. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला युद्ध नको होते. आणि त्याचे बाहेर राहणे दोन्ही बाजूंच्या कामाचे होते. त्याचे टंगस्टन जर्मनी आणि ब्रिटन दोघेही विकत घेत होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रिप्सहोम आणि तेइया मारू या जहाजांवरून आलेल्या अमेरिकी व जपानी नागरिकांची अदलाबदल मुरगावलाच झाली. लढणाऱ्यांनाही असा एखादा बंदराचा धक्का हवाच असतो, जिथे दोन्ही शत्रूंची जहाजे शेजारी उभी राहू शकतील.

हा उपयोग संपला किंवा भूगोल आड आला, की संयम कामी येत नाही. पोर्तुगालच्याच ताब्यातल्या तिमोरमध्ये जपानी येतील या धास्तीने डिसेंबर 1941मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैन्य उतरले. लिस्बनने निषेध नोंदवला. फेब्रुवारी 1942मध्ये जपानी खरोखरच आले आणि 1945पर्यंत राहिले. या काळात किमान 40,000 तिमोरी माणसे मेली. पोर्तुगाल तेव्हाही कागदोपत्री तटस्थ होता. ही तटस्थता ठरवताना तिमोरमधल्या माणसांना कोणी विचारले नव्हते, मुरगावच्या रहिवाशांनाही नाही. आणि वसाहतींच्या बाबतीत हा मुद्दा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांनी फार स्वस्तात सोडून दिला आहे.