गव्हाणीच्या आकाराचे पक्वान्न

सणांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा उपासनेची पुस्तके, राजाज्ञा आणि धर्मपरिषदांचे ठराव चाळतात. ते योग्यच आहे. परंतु सण जसा वेदीवर साजरा होतो तसाच तो चुलीपाशीही साजरा होतो, आणि चुलीपाशी घडलेले सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. इंग्लंडमधील ‘मिन्स पाय’ या नाताळी पक्वान्नाचे भाग्य या बाबतीत निराळे आहे. राजाच्या आचाऱ्यांनी, गृहिणींसाठी लिहिणाऱ्या लेखकांनी, सरकारी अधिकाऱ्यांनी आणि कायदेपंडितांनीही त्याची नोंद केली आहे. या नोंदी क्रमाने वाचल्या तर त्या इवल्याशा पक्वान्नात उपवास आणि उत्सव, सत्ता आणि श्रद्धा, व्यापार आणि अन्याय यांचा सुमारे सहाशे वर्षांचा इतिहास भरलेला दिसतो.

प्रथम हे पक्वान्न आहे तरी काय, ते पाहू. आज इंग्लंडमधील घरांत मिन्स पाय करतात ती मुख्यतः सुक्या मेव्याची. मनुका, बेदाणे, बारीक चिरलेले सफरचंद, संत्र्याची व लिंबाची पाकवलेली साल, तांबूस साखर, जायफळ, लवंग, दालचिनी, थोडी चरबी आणि ब्रँडी एकत्र कालवून सारण तयार होते. या सारणाला ‘मिन्समीट’ म्हणतात. ते बरणीत भरून निदान दोन आठवडे मुरू देतात. मग मैद्यात त्याच्या निम्म्या वजनाचे थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चोळून, पाण्याच्या शिपक्याने पीठ जेमतेम गोळा करतात. ते फार मळले तर पारी चिवट होते. पारीचे गोल तुकडे लहान साच्यांत बसवून, सारण भरून, वर पातळ झाकण किंवा पिठाची चांदणी ठेवतात आणि सुमारे 200 अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत वीस मिनिटे भाजतात. झाकणाला छिद्र पाडायचे विसरले तर सारणाची वाफ वाट शोधीत कडेने फुटते.

जिज्ञासू वाचकाला येथे प्रश्न पडेल. या सारणात मांसाचा अंशही नाही, मग त्याच्या नावात ‘मीट’ कशासाठी? जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ कोणतेही अन्न असा होता, हे खरे. परंतु येथे तेवढ्याने भागत नाही, कारण पूर्वीच्या सारणात खरोखरच मांस असे.

दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांनी सुमारे 1390 साली सिद्ध केलेल्या ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या संग्रहात उकडून वाटलेले डुकराचे मांस, उकडलेली अंडी, चीज, मसाले, साखर आणि केशर एकत्र करून पिठाच्या पारीत भाजण्याची कृती आहे. 1615 साली जर्व्हेस मार्कहॅम याने गृहिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकात तर अख्ख्या मेंढीच्या तंगडीचे मांस आणि तीन पौंड चरबी घ्यायला सांगितले आहे. त्यात मीठ, लवंग, जायपत्री, मनुका, सुके आलुबुखार, खजूर आणि संत्र्याची साल पडते. तिखट आणि गोड यांची अशी सरमिसळ आज आपल्याला विचित्र वाटेल, पण मध्ययुगीन युरोपच्या जिभेला ती परकी नव्हती.

या पक्वान्नाची मुळे ऋतुचक्रात आहेत तशीच ती उपासनावर्षातही आहेत. हिवाळ्यात चारा अपुरा पडे, म्हणून शेतकरी नोव्हेंबरात, संत मार्टिनच्या सणाच्या सुमारास, बरीच जनावरे मारून मांस खारवून ठेवीत. दुसरीकडे ख्रिस्तसभा आगमनकाळात भाविकांना संयम शिकवीत होती. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असे आणि नाताळची पूर्वसंध्याही उपवासाचीच असे. तेव्हा ख्रिस्तजन्माच्या सकाळी मिस्सा आटोपून आलेल्या कुटुंबापुढे मांस, चरबी आणि सुका मेवा यांनी ओथंबलेले पक्वान्न येई, त्यावेळी त्याची चव कशी लागत असेल याची कल्पना करावी. ज्या घरात उपवासच झालेला नाही त्या घराला हे सुख विकत घेता येत नाही.

त्या काळी हे पक्वान्न लहान व गोल नव्हते. ते मोठे आणि अनेकदा लांबट असे. प्रसिद्ध कायदेपंडित जॉन सेल्डन 1654 साली वारला. त्याची संभाषणे ‘टेबल टॉक’ या नावाने 1689 साली छापली गेली. नाताळच्या पायची लांबट पारी ही प्रभूच्या गव्हाणीची प्रतिकृती होय, असे त्यात त्याने सांगितले आहे. प्रत्येक गृहिणीच्या मनात पीठ लाटताना गव्हाणच असे, असे यावरून ठरत नाही. पण सतराव्या शतकातील एका चिकित्सक विद्वानाला हे पक्वान्न पाहून बेथलेहेम आठवत होते, एवढे निश्चित.

आणि हे बेथलेहेम आठवणेच काहींना खुपत होते. प्युरिटन पंथाच्या धर्मसुधारकांचे म्हणणे असे, की शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची तारीख नाही, म्हणून हा सण मनुष्यनिर्मित आहे, पोपच्या धर्माचा अवशेष आहे आणि खादाडपणा, मद्यपान व जुगार यांना निमित्त आहे. त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शुभवर्तमानात तारीख नाही, हे खरेच आहे. 25 डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा करण्याची रोममधील जुनी नोंद 354 सालच्या दिनदर्शिकेत सापडते. सणाच्या नावाखाली होणारा उच्छादही खोटा नव्हता. आपल्याकडेही तो पाहायला मिळतो. चूक होती ती उपायात. रोग्याला बरे करण्याऐवजी त्यांनी रोग्यालाच घराबाहेर काढले.

1644 साली नाताळ महिन्याच्या शेवटच्या बुधवारी आला. तो पार्लमेंटने नेमलेला मासिक उपवासाचा दिवस होता. नाताळ असला तरी उपवासच पाळावा, असा हुकूम निघाला. पुढे जून 1647 मध्ये नाताळ, ईस्टर व पेंटेकॉस्ट हे सणच रद्द झाले, आणि नोकरांना व शिकाऊ कारागिरांना त्याऐवजी महिन्यातील दुसऱ्या मंगळवारी सुटी देण्यात आली. त्याच वर्षीच्या नाताळात कँटरबरीच्या महापौराने बाजार उघडा ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा लोक खवळले. उघडलेल्या दुकानांवर हल्ले झाले आणि शहरात दंगल उसळली.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ऑलिव्हर क्रॉमवेलने मिन्स पायवर बंदी घातली होती आणि तो कायदा आजही लागू आहे, असे पुष्कळदा छापून येते. ही दंतकथा होय. मिन्स पायचे नाव घेऊन मनाई करणारा कायदा झाला नव्हता. सण रद्द केले ते पार्लमेंटने, आणि क्रॉमवेल ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला तो त्यानंतर सहा वर्षांनी, 1653 साली. राजाच्या संमतीवाचून केलेले हे सर्व हुकूम 1660 साली राजसत्ता परत आल्यावर निरर्थक ठरले. आपल्याला प्रिय असलेल्या गोष्टीच्या छळाची कथाही वाढवून सांगू नये. सत्य तेवढेच पुरेसे कठोर आहे. जॉन एव्हलिन हा अँग्लिकन गृहस्थ 1657 सालच्या नाताळात लंडनमधील एका प्रार्थनागृहात उपासनेला बसला असता सैनिकांनी ते घेरले. लोक ख्रिस्तप्रसाद घेण्यास वेदीकडे जात असताना सैनिकांनी त्यांच्यावर बंदुका रोखल्या, असे त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. नंतर त्याची चौकशी झाली आणि त्याला सोडण्यात आले.

इंग्लंडच्या कॅथलिकांची स्थिती त्याहून बिकट होती, आणि ती एक शतक आधीपासून. त्यांच्या मिस्सा घरांच्या माळ्यावर, दारे लावून होत. यॉर्क येथील खाटकाची पत्नी मार्गारेट क्लिथरो हिला धर्मगुरूंना आसरा दिल्याच्या आरोपावरून 1586 साली वजनाखाली चिरडून ठार मारण्यात आले. 1970 साली पोप सहावे पॉल यांनी तिला संत म्हणून घोषित केले. ज्या देशात मंदिर बंद झाले तेथे श्रद्धेने स्वयंपाकघराचा आश्रय घेतला, हे तिच्या जीवनावरून समजते. सण रद्द करण्याचा हुकूम काढता येतो, पण प्रत्येक घरातील परात तपासायला शिपाई पाठविता येत नाही.

सण परतला तेव्हा पक्वान्नही उघडपणे परतले. लंडनचा नौदल अधिकारी सॅम्युएल पेपिस याच्या रोजनिशीत त्याचे दर्शन वारंवार घडते. जानेवारी 1662 मध्ये एका स्नेह्याच्या लग्नाच्या अठराव्या वाढदिवशी एका ताटात अठरा मिन्स पाय मांडले होते. त्याच वर्षीच्या नाताळात पत्नी आजारी असल्याने पेपिसने ते बाहेरून मागविले. 1666 सालची नोंद मात्र मला सर्वांत बोलकी वाटते. लंडन शहर सप्टेंबरातील महाआगीत जळून गेले होते. त्या नाताळच्या सकाळी पेपिस उठून उपासनेला गेला. पत्नी झोपून राहिली, कारण मोलकरणी मिन्स पाय करीत असताना ती पहाटे चार वाजेपर्यंत देखरेख करीत बसली होती. नोंद पेपिसच्या नावावर आहे. राबणाऱ्या त्या मोलकरणींची नावे त्या ओळीत नाहीत. आपल्या सणांचा इतिहास अशाच बिननावाच्या हातांनी घडलेला आहे.

पुढील शतकात सारणातून मांस हळूहळू निघून गेले. 1747 साली हॅना ग्लास हिने आपल्या पाककृतीच्या पुस्तकात चरबी, मनुका, पन्नास सफरचंदे, साखर, मसाले आणि ब्रँडी घेऊन सारण करण्यास सांगितले, आणि मांस हवे असल्यास जनावराची जीभ उकडून घालावी, अशी सूचना जोडली. म्हणजे मांस ऐच्छिक झाले. 1861 सालच्या मिसेस बीटन यांच्या ग्रंथात गोमांसासह आणि गोमांसाविना अशा दोन्ही कृती शेजारी शेजारी आहेत. या बदलाचे एक मोठे कारण म्हणजे साखर स्वस्त झाली होती.

ती स्वस्त का झाली, हे धर्मगुरू या नात्याने मला सांगितलेच पाहिजे. कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेले गुलाम राबत होते. 1791 साली इंग्लंडमध्ये साखरेवर बहिष्कार घालण्याची चळवळ उभी राहिली आणि अनेक कुटुंबांनी आपल्या टेबलावरची ती साखर बंद केली. गुलामांचा व्यापार कायद्याने थांबला 1807 साली, आणि साम्राज्यातील गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला 1833 साली. मसाल्यांची कथाही निष्कलंक नाही. मिरी आपल्या मलबारची. जायफळ आणि जायपत्री मात्र त्या काळी इंडोनेशियातील इवल्याशा बांदा बेटांवरूनच येत. त्यांच्या मक्तेदारीसाठी 1621 साली डच कंपनीने तेथील बहुसंख्य रहिवाशांना ठार केले, गुलाम केले किंवा देशोधडीला लावले. गव्हाणीची आठवण देणाऱ्या पारीत हे सारण भरले जात होते. शांतीच्या राजाचा जन्मदिन साजरा करणाऱ्यांनी ते विसरू नये.

या पक्वान्नाचा उपासनेशी आणखी एक धागा जुळतो. आगमनकाळापूर्वीच्या शेवटच्या रविवारी अँग्लिकन मंदिरांत जी प्रार्थना होई तिचा आरंभ भाविकांच्या इच्छाशक्तीला चेतविण्याची विनंती करणाऱ्या शब्दांनी होतो. त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ ‘ढवळणे’ असाही होतो, म्हणून लोक गमतीने त्याला ‘ढवळण्याचा रविवार’ म्हणू लागले आणि नाताळचे पुडिंग व सारण त्या सुमारास कालविण्याची प्रथा पडली. मूळ लॅटिन प्रार्थना प्राचीन आहे आणि आपल्या रोमन मिस्सा-ग्रंथातही ती सामान्यकाळाच्या चौतिसाव्या सप्ताहात येते. तेव्हा यंदा ती कानी पडली की स्वयंपाकघराची आठवण येण्यास हरकत नाही.

गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या ‘कुस्वार’मध्ये नेवऱ्या असतात. त्यांनाही पारी आहे आणि सारण आहे. नेवरी आणि मिन्स पाय यांचे कूळ एक आहे असे म्हणण्यास आधार नाही, तसा मोहही धरू नये. साम्य आहे ते घडण्याच्या रीतीत. दोन्ही एकट्याने करण्याचे पदार्थ नव्हेत. कोणी पीठ मळतो, कोणी लाटतो, कोणी सारण भरतो आणि एखादे लहान मूल सारणातल्या मनुका पळविते.

वाचकहो, आता नाताळचा फराळ दुकानांत तयार मिळतो. ज्या घरात दोघेही नोकरी करतात त्यांनी तो विकत आणला तर त्यात दोष नाही. पेपिसच्या घरीही एका वर्षी बाहेरूनच आला होता. तरी एखादा तरी पदार्थ घरी करावा असे मला वाटते. आगमनकाळातील एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी, दूरचित्रवाणी बंद करावी आणि मुलांच्या हाती लाटणे द्यावे. त्या रात्री राबलेल्या आईचे, आजीचे किंवा घरकामाच्या बाईचे नाव घेऊन जेवणापूर्वीची प्रार्थना करावी. पहिले ताट भरावे ते शेजारच्या अशा घरासाठी, जेथे यंदा काहीच शिजणार नाही.