महाराष्ट्रातील चक्रीवादळ इशारा व्यवस्था

महाराष्ट्रातील चक्रीवादळ इशारा व्यवस्था ही अरबी समुद्रात निर्माण होणाऱ्या उष्णकटिबंधीय चक्रीवादळांची पूर्वसूचना प्रशासन, मच्छीमार व नागरिक यांना देणारी यंत्रणा आहे. भारतात हे इशारे भारतीय हवामानशास्त्र विभाग देतो. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्याची जबाबदारी विभागाच्या मुंबई येथील क्षेत्रीय चक्रीवादळ इशारा केंद्राकडे आहे.

इतिहास
१८६४ साली कोलकात्यास बसलेल्या चक्रीवादळाच्या तडाख्यानंतर १८६५ मध्ये तेथील बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची पद्धत सुरू झाली. हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली.

वर्गीकरण व नामकरण
वाऱ्याचा कमाल सातत्यपूर्ण वेग ताशी ६२ किलोमीटर झाल्यावर प्रणालीस चक्रीवादळ म्हणतात व तिला नाव दिले जाते. हा वेग ताशी ८९ किलोमीटर झाल्यास ते तीव्र चक्रीवादळ ठरते. २०२० मध्ये जाहीर झालेल्या यादीत १३ देशांनी सुचवलेली १६९ नावे आहेत. या यादीतील पहिले नाव 'निसर्ग' बांगलादेशाने सुचवले होते.

इशाऱ्याचे टप्पे
* पूर्वसूचना : सुमारे ७२ तास आधी.
* सतर्कतेचा इशारा : किमान ४८ तास आधी, रंग पिवळा.
* चक्रीवादळाचा इशारा : किमान २४ तास आधी, रंग नारिंगी. यात वादळ किनाऱ्यावर येण्याचे संभाव्य ठिकाण व वेळ दिलेली असते.
* भूप्रवेशोत्तर अंदाज : किमान १२ तास आधी, रंग लाल. यात वादळ जमिनीवर आल्यानंतरचा मार्ग व अंतर्गत जिल्ह्यांवरील परिणाम सांगितले जातात.

प्रसारण
विभागाची पत्रके राज्य शासन व जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तेथून सूचना तहसीलदार, तलाठी व ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचते. आकाशवाणी, दूरदर्शन, भ्रमणध्वनी संदेश, ध्वनिक्षेपक व दवंडी ही इतर माध्यमे होत. बंदरांवर क्रमांकानुसार बावटे चढवतात. रात्री त्यांची जागा लाल व पांढरे दिवे घेतात. ११ क्रमांकाचा बावटा इशारा केंद्राशी संपर्क तुटल्याचे दर्शवतो.

निसर्ग चक्रीवादळ
३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगड किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पूर्वसूचनेमुळे किनाऱ्यावरील लोकांना आधीच हलवता आले. मात्र वादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावांत वीज व भ्रमणध्वनी सेवा बंद पडली. वादळापूर्वीचा संदेश पोहोचला, तरी नंतर मदत मागण्याचे साधन उरत नाही, ही त्रुटी यातून स्पष्ट झाली. पुढे वादळ पुणे जिल्ह्यावरून ईशान्येकडे सरकत क्षीण झाले.

अंतर्गत भागातील महत्त्व
बारामती व इंदापूर हे तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस आहेत. माळेगाव बुद्रुकसारख्या ऊस पिकवणाऱ्या गावांत उधाणाचा धोका नसला, तरी जोरदार वारा व पावसाने उभा ऊस लोळतो. इंदापूरच्या डाळिंब व द्राक्षबागांनाही अवेळी पाऊस हानिकारक ठरतो. त्यामुळे या भागासाठी भूप्रवेशोत्तर अंदाज अधिक उपयुक्त असतो. ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रके दर मंगळवारी व शुक्रवारी निघतात. अशा अंदाजावरून पिकास पाणी देणे व औषधफवारणी पुढे ढकलणे, शेतात साचणाऱ्या पाण्यास वाट करून देणे आणि काढलेला माल सुरक्षित ठेवणे शेतकऱ्यांना शक्य होते.