गुडघा म्हणजे टायर नव्हे

पन्नाशीतल्या माणसाने पंधरा-वीस किलो वजन उतरवले, गुडघ्यांची कुरकुर थांबली आणि तो पाच किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवतो म्हणाला, की घरातून, शेजारातून, कधी दवाखान्यातूनही एकच सल्ला येतो : ‘चाला हवे तितके, पण धावू नका. गुडघे झिजतील.’

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धावताना गुडघ्यावर येणारा कमाल भार चालण्याच्या जवळजवळ तिप्पट असतो. पण जितका फिरेल तितका झिजेल, हा न्याय स्कूटरच्या टायरचा. सांध्यातली कूर्चा जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. दाब पडतो आणि सुटतो, तेव्हाच सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण पोचते. भार अजिबात न पडणे तिलाही मानवत नाही.

शिवाय तिपटीचा हिशेब अर्धाच आहे. धावताना ढांग लांब पडते, पाऊल जमिनीवर क्षणभरच टेकते. रॉस मिलर आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मोजून दाखवले, की तेवढ्याच अंतरासाठी चालताना आणि धावताना गुडघ्यावर पडणारा एकूण भार जवळपास सारखा भरतो. वजनाचेही तसेच. स्टीफन मेसियर यांच्या 2005 च्या अभ्यासात गुडघेदुखीच्या स्थूल रुग्णांचे वजन किलोभर घटले, की चालताना गुडघ्यावरचा भार पावलागणिक सुमारे चार किलोंनी घटलेला दिसला. म्हणजे ज्याला थांबवायचे, तो गडी वर्षापूर्वीचा राहिलेलाच नाही.

2017 च्या एका मोठ्या आढाव्यात गुडघा-खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंत 3.5 टक्के, न धावणाऱ्यांत 10.2 टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत 13.3 टक्के आढळले. इथे पूर्वपक्षी हमखास म्हणेल : ज्यांचे गुडघे दुखले त्यांनी धावणे केव्हाच सोडले, उरले ते धडधाकट! आक्षेप रास्त आहे. म्हणून 2018 चा ग्रेस लो यांचा अभ्यास महत्त्वाचा. त्यातल्या पन्नाशीपुढच्या लोकांना गुडघ्याचा संधिवात आधीच होता. तरी स्वखुशीने धावणाऱ्यांचा आजार चार वर्षांत इतरांहून बळावला नाही. ‘स्वखुशीने’ हा शब्द मात्र विसरू नये. ज्याला झेपते त्याला धावू द्यावे, एवढेच यातून सिद्ध होते. सगळ्यांनी धावावे असे नव्हे.

आणि उत्साही मंडळींनीही जरा थांबावे. आहार कमी करून वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि गुडघा सांभाळतात ते मांडीचे स्नायूच. दम लवकर परत येतो, स्नायूबंध फार सावकाश तयार होतात. छाती म्हणते धाव आणि पोटरी धरते. त्यातून शर्यत छोटी म्हणजे सोपी, हा आणखी एक भ्रम. पाच किलोमीटरला माणूस जीव तोडून पळतो, आणि वेग वाढला की पोटरीवर, टाचेमागच्या शिरेवर ताण वाढतो. आधी काही महिने मांड्यांचा व्यायाम, मग चालत-धावत सराव, आणि पहिली शर्यत घड्याळाकडे न बघता.

गुडघा सुजत असेल, अडकत असेल, रात्री ठणकत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. यातले काही नसेल आणि धावल्याचे दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरत असेल, तर केवळ वयाकडे बोट दाखवून केलेली मनाई मानण्याचे कारण नाही.