निसर्ग राखायला पैसे कोण देतं? नाशिकच्या गटांसाठी निधीचे मार्ग आणि त्यांच्या अटी

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर लागतो. या डोंगरावर सापडलेल्या कंदीलपुष्पाच्या एका नव्या जातीची नोंद २००६ साली शास्त्रज्ञांनी केली आणि तिचं नावही डोंगरावरूनच ठेवलं, ‘सेरोपेजिया अंजनेरिका’. ही वनस्पती अगदी मोजक्या जागेत उगवते. पावसाळ्यात पठारावर फुलते आणि एरवी कंदाच्या रूपात जमिनीखाली झोपून असते. अंजनेरीवरच्या अशा दुर्मीळ वनस्पतींच्या संवर्धनाला जे पैसे मिळाले, त्यात ‘क्रिटिकल इकोसिस्टम पार्टनरशिप फंड’ या आंतरराष्ट्रीय निधीचं एक लहान अनुदान होतं. या निधीने पश्चिम घाटात २००८ ते २०१५ या काळात पैसे दिले. बंगळुरूची ‘एट्री’ ही संशोधन संस्था ते वाटप बघत होती.

२०१५ ला ती खिडकी बंद झाली. २०१७ मध्ये अंजनेरीचा ५ चौरस किलोमीटरहून थोडा मोठा भाग ‘संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर झाला. त्यानंतर डोंगरावर रस्ता नेण्याचा प्रस्ताव आला, मग रोपवेचा आला आणि दोन्ही वेळा निसर्गप्रेमींना विरोधासाठी उभं राहावं लागलं. म्हणजे संवर्धनाची गरज आहे तिथेच आहे, पैसा मात्र ठरावीक वर्षांसाठी येतो आणि निघून जातो. निधी शोधायला निघालेल्या प्रत्येक गटाने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. ‘किती मिळतील?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, हा पैसा कशासाठी आहे, कोणाला मिळतो आणि संपल्यावर काम कोण बघणार?

सरकारी पैसा : सगळा तुमच्यासाठी नसतो

सोशल मीडियावर ‘गोदावरीसाठी इतके कोटी मंजूर’ अशी बातमी फिरते आणि लोकांना वाटतं, यातलं आपल्या गटालाही काही मिळेल. बहुतेक वेळा मिळत नाही. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेचा पैसा मलनिस्सारण केंद्रं, वाहिन्या अशा कामांसाठी राज्य सरकार आणि महापालिकेमार्फत खर्च होतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत नाशिक आहे, पण तोही पैसा महापालिकेकडेच येतो. तिथे तुमची भूमिका फार तर नागरिक म्हणून हिशेब विचारण्याची.

निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा हा पाणपसारा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे. जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झालं. पाणथळ जागांसाठी केंद्राची योजना आहे आणि तिचा खर्च केंद्र व राज्य ६० : ४० असा वाटून घेतात. अभयारण्य असल्यामुळे प्रस्ताव वन विभाग करतो. चापडगावच्या एखाद्या तरुण मंडळाने थेट दिल्लीला अर्ज करून उपयोग नाही. त्यांनी वन विभागाच्या व्यवस्थापन आराखड्यात आपलं काम बसवून घ्यावं. पक्षीगणना, गाइडचं प्रशिक्षण, जलपर्णी काढणं ही अशी कामं आहेत. आराखड्यात काम आलं तर पैसा येण्याची शक्यता असते. नाही आलं, तर कितीही चांगली कल्पना असली तरी ती फायलीबाहेरच राहते.

गावाच्या हातात खरोखर असलेल्या दोन गोष्टींकडे मात्र फारसं कोणी बघत नाही.

पहिली, जैवविविधता व्यवस्थापन समिती. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत ही समिती हवी. हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर ठिकठिकाणी समित्या घाईघाईने कागदावर आल्या. तुमच्या ग्रामपंचायतीतही ती असेल, कदाचित सरपंचांनाही आठवत नसेल इतकंच. या समितीला स्थानिक जैवविविधता निधी ठेवता येतो. एखादी कंपनी तुमच्या भागातून हिरडा, बेहडा किंवा इतर औषधी माल व्यापारासाठी घेत असेल, तर लाभ-वाटपाची रक्कम या समितीपर्यंत येऊ शकते. त्यासाठी लोक जैवविविधता नोंदवही नीट भरलेली हवी. समितीही नावापुरती नसावी, तिच्या बैठका व्हायला हव्यात. कुठल्या तरी एजन्सीने दुसऱ्या गावाची यादी उतरवून दिलेली नोंदवही असेल, तर तिच्या जोरावर काहीही मागता येत नाही.

दुसरी, पेसा क्षेत्रातला थेट निधी. कळवण, पेठ आणि सुरगाणा हे पूर्ण तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, बागलाण वगैरेंचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी अशा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय राज्याने २०१५ मध्ये घेतला. त्याचा वापर ग्रामसभा ठरवते आणि त्यात नैसर्गिक संसाधनांची कामं बसतात. सुरगाण्यातल्या एखाद्या पाड्याला झरा राखायचा असेल, तर परदेशी देणगीदार शोधण्याआधी ग्रामसभेचा ठराव करणं जास्त सोपं आहे.

शेतकऱ्यांसाठी सांगायचं, तर ‘पोकरा’ म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातल्या २१ जिल्ह्यांत नाशिक आहे, पण फक्त निवडलेल्या गावांपुरतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना गाळ शेतात पसरवण्यासाठी एकरी १५ हजारांपर्यंत आणि अडीच एकरांच्या मर्यादेत जास्तीत जास्त ३७,५०० रुपये मिळण्याची तरतूद आहे. गाळ उपसणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला यंत्राच्या इंधनाचा खर्च वेगळा मिळतो.

नाबार्ड : पैसा आहे, पण आधी घाम

लहान संस्था आणि गावांसाठी सगळ्यात विश्वासाचा मार्ग कोणता, असं विचारलं तर आम्ही नाबार्डचं नाव घेऊ. सोपा म्हणून नव्हे. उलट, त्याच्या अटी कडक आहेत आणि त्या अटींमुळेच कामं टिकली.

याचं मूळ महाराष्ट्रातच आहे. फादर हर्मन बाखर या अहमदनगर भागात अनेक वर्षं काम केलेल्या जेझुइट धर्मगुरूंच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. जर्मनीचा पैसा, नाबार्डची यंत्रणा आणि गावाची मेहनत अशी ती रचना होती. १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था याच कामातून उभी राहिली. पुढे नाबार्डने २०० कोटींचा पाणलोट विकास निधी सुरू केला आणि त्यात हीच पद्धत चालू ठेवली.

पद्धत अशी. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेत मान्य करायची. मग लहानशा तुकड्यावर, साधारण १०० हेक्टरवर, प्रायोगिक काम मिळतं. ते नीट झालं तरच पूर्ण पाणलोटाला मंजुरी. मजुरीच्या कामातला एक वाटा गावकऱ्यांनी स्वतः उचलायचा. पैसा ग्राम पाणलोट समिती आणि संस्था यांच्या माध्यमातून खर्च होतो, त्यामुळे गावाला प्रत्येक चेक कळतो. माथ्यापासून पायथ्याकडे, म्हणजे आधी डोंगरावरचे चर आणि बांध, मग खालचा बंधारा, असाच क्रम. पुढाऱ्यांना खालचा बंधारा आधी हवा असतो, कारण उद्घाटन तिथेच होतं. नाबार्डची अट तिथे उपयोगी पडते.

आदिवासी कुटुंबांसाठी नाबार्डची वाडी योजना आहे. साधारण एक एकरात आंबा, काजू अशी फळझाडं, बांधावर वनझाडं आणि सोबत पाण्याची सोय. वाडीची कल्पना ‘बायफ’ने १९८० च्या दशकात गुजरातमधल्या वांसद्यात रुजवली. वांसदा सुरगाण्याच्या सीमेपलीकडेच आहे. जमीन, पाऊस, लोक सारखेच असल्यामुळे नाशिकच्या पश्चिम पट्ट्याला ती चांगली जुळते.

चौकशीसाठी दलाल लागत नाही. नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक असतात, त्यांना थेट भेटता येतं.

कंपन्यांचा सीएसआर

सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकमध्ये हा पैसा जवळ वाटतो. कायदा साधा आहे. ५०० कोटींची नक्त मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक जरी निकष लागू झाला, तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पर्यावरण, वन्यजीव, माती-पाणी यांचं संवर्धन ही कामं कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहेत. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो.

अडचण संस्थेच्या बाजूने येते. १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आयकर विभागाकडची नोंदणी हवी, जिला सगळे अजून १२-ए आणि ८०-जी म्हणूनच ओळखतात. शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. कालच नोंदणी झालेल्या मंडळाने कंपनीच्या गेटवर फाइल घेऊन जाण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा जुन्या, नोंदणीकृत संस्थेबरोबर लेखी करार करून तिच्या प्रकल्पातला एक भाग उचलावा.

आणखी एक गोष्ट. कंपन्यांना झाडं लावायला आवडतं, झाडं जगवायला तेवढं आवडत नाही. नाशिकमध्येच सातपूरजवळच्या वनजमिनीवर ५ जून २०१५ रोजी हजारो नागरिकांनी देशी रोपं लावून ‘देवराई’ सुरू केली. एका दिवसाच्या गर्दीने रोपं लागली, पण पुढे पाणी घालणं, गवत काढणं, वणव्यापासून राखणं हे वर्षानुवर्षांचं काम होतं. त्यामुळे प्रस्तावात रोपांच्या संख्येपेक्षा तीन वर्षांचा टँकर, राखणदाराचा पगार, जाळरेषा आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याचा खर्च आधी लिहा. कायद्यात ‘चालू प्रकल्प’ सुरू झालेल्या वर्षानंतर आणखी तीन आर्थिक वर्षं चालवायची मुभा आहे. कंपनीने एक वर्षच म्हटलं, तर हा मुद्दा नम्रपणे पुढे करा.

परदेशी अनुदान आणि एफसीआरए

रफर्ड फाउंडेशन, मोहम्मद बिन झायेद प्रजाती संवर्धन निधी ही नावं अभ्यासकांच्या ग्रुपवर नेहमी फिरतात. दोन्ही ठिकाणी लहान, नेमक्या कामाला किंमत असते. मोहम्मद बिन झायेद निधी एकेका प्रजातीसाठी २५ हजार डॉलरपर्यंत अनुदान देतो. गिधाडं, बेडूक, कंदीलपुष्प अशा ‘अनाकर्षक’ जिवांना इथे संधी असते, वाघच लागतो असं नाही. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रमही आहे. भारतात तो संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत चालतो, पण प्रत्येक टप्प्यात ठरावीक भूप्रदेशच निवडलेले असतात. आपला जिल्हा त्यात आहे का, हे आधी बघा.

परदेशातून पैसा घ्यायचा म्हणजे एफसीआरए कायदा आलाच. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च केलेली हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतो, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. या शेवटच्या अटीमुळे लहान गटांचं मोठं नुकसान झालं. पूर्वी मोठी संस्था परदेशी अनुदान घेऊन गावातल्या गटांना वाटू शकायची, तो मार्ग बंद झाला. एकट्या अभ्यासकालाही हा कायदा लागू होऊ शकतो. म्हणून अर्ज मंजूर झाल्यावर नव्हे, अर्ज करण्याआधी सीएशी बोला.

देशातल्याच पैशावर चालणारे पर्यायही आहेत. ‘द हॅबिटॅट्स ट्रस्ट’ दुर्लक्षित अधिवास आणि प्रजातींवरच्या कामाला अनुदान देतो.

अर्जाआधीची फाइल

धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, १२-ए आणि ८०-जी हे सगळीकडे लागतं. पण प्रस्ताव सगळ्यात जास्त अडकतात ते जमिनीवर. सातबारा कोणाचा? वनजमीन असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आहे का? गायरान असेल तर ग्रामसभेचा ठराव? ‘सगळ्यांची तोंडी संमती आहे’ हे वाक्य कुठलाच देणगीदार मान्य करत नाही, आणि गावातलं राजकारण बदललं की ती संमतीही राहत नाही.

सरकारी अनुदानात पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावरच मिळतो. मधल्या तीन-चार महिन्यांत मजुरांचे पैसे कुठून देणार, याची सोय आधीच करून ठेवा. या एका कारणाने जूनमध्ये खड्डे तयार असूनही रोपं लागत नाहीत.

आता फसवणुकीबद्दल. ‘तुमच्या संस्थेला ५० लाखांचा पर्यावरण निधी मंजूर, फाइल चार्ज भरा’ असे मेसेज आणि फोन येतात. कधी त्यावर मंत्रालयाचं नाव असतं, कधी परदेशी फाउंडेशनचं. मंजुरीसाठी आधी पैसे मागणारा, टक्केवारी ठरवणारा किंवा सीएसआरचा पैसा देऊन त्यातला मोठा भाग रोखीने परत मागणारा माणूस भेटला, तर तिथेच थांबा. शेवटच्या प्रकारात तर संस्थेचे विश्वस्तच गुन्ह्यात अडकतात, कारण खात्यात पैसा त्यांच्या सहीने आलेला असतो.