मराठी टाइपरायटर : पारख, दुरुस्ती आणि जतन

टंकलेखन यंत्र, म्हणजेच टाइपरायटर, कार्यालयांतून निघून गेले. मात्र घरांच्या माळ्यांवर ते अजूनही आढळते. रत्नागिरीजवळील पावससारख्या किनारी गावात, जांभ्या दगडाच्या जुन्या घरात असे यंत्र असेल, तर त्याला दोन धोके संभवतात : समुद्रावरून येणारी खारी, दमट हवा आणि दारावर येणारा भंगारवाला. जुने इंग्रजी यंत्र नष्ट झाले, तरी तसेच दुसरे शोधून सापडू शकते. देवनागरी यंत्रे मुळातच कमी बनली. त्यांचे अक्षरठसे आता तयार होत नाहीत. त्यामुळे अशा यंत्राच्या जतनाला केवळ हौसेपलीकडचा अर्थ आहे.

भारतातील निर्मिती

अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये शोल्स आणि ग्लिडन यांचे यंत्र बाजारात आणले आणि टंकलेखनाचा व्यवसाय उभा राहिला. मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर सादर केला. कंपनीने २००९ मध्ये उत्पादन थांबवले. उरलेल्या मोजक्या यंत्रांची बातमी २०११ मध्ये जगभर पसरली. त्याआधीच्या काळात शासकीय लिपिकाच्या नोकरीसाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचा ४० शब्द वेग आवश्यक असे. या परीक्षेसाठी गावोगावी टंकलेखन संस्था चालत. महाराष्ट्रात ही परीक्षा पुढे संगणकावर गेली आणि संस्थांतील यंत्रे एकगठ्ठा निकाली निघाली.

लिपी आणि कळफलक

यंत्राला साधारणपणे ४४ ते ४६ कळा असतात. प्रत्येक कळीवर दोन चिन्हे, म्हणजे एकूण नव्वदच्या आसपास. देवनागरीतील स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे एवढ्या जागेत बसवणे ही मोठी अडचण होती. रेमिंग्टन धाटणीच्या मांडणीत त्यावर एक चतुर उपाय आढळतो : ख, घ, थ, भ यांसारख्या अक्षरांचा अर्धा भाग एका कळीवर ठेवायचा आणि काना वेगळ्या कळीने जोडायचा. उकार, मात्रा आणि अनुस्वार यांच्या कळा दाबल्यावर कॅरेज पुढे सरकत नाही. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधीच उमटवावी लागते.

याच अडचणीचा विचार रत्नागिरीतही झाला होता. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध होते. मुद्रण आणि टंकलेखन सुलभ व्हावे यासाठी त्यांनी लिपिशुद्धीचा पुरस्कार केला. इ, ई, उ यांची स्वतंत्र चिन्हे टाळून अि, अी, अु असे लिहिण्याची पद्धत त्यात होती. ती सार्वत्रिक झाली नाही. लिपी बदलण्याऐवजी यंत्रानेच तडजोड केली आणि ती तडजोड जुन्या कळफलकावर आजही वाचता येते.

घेताना काय पाहावे

सोबत कोरा कागद न्यावा आणि प्रत्येक कळ शिफ्टसह व शिफ्टविना उमटवून पाहावी. ‘ल’, ‘श’, ‘ऱ्य’ यांच्या वळणावरून यंत्र मराठीसाठी की हिंदीसाठी घडवले आहे, याचा अंदाज येतो. अडकणारी कळ बहुधा साफसफाईने सुटते; तुटलेला ठसा मात्र बदलून मिळणे कठीण. कॅरेज दोन्ही टोकांपर्यंत सरकते का, तिला ओढणारी पट्टी शाबूत आहे का आणि ओळीच्या शेवटी घंटी वाजते का, हे तपासावे. रिबनची मूळ चकती हरवलेली नसावी. नवी रिबन तिच्यावरच गुंडाळता येते. यंत्र उचलताना खालच्या सांगाड्याला धरावे, कॅरेजला कधीही नाही.

सफाई

प्रथम मऊ ब्रशने कोरडी धूळ काढावी. ठशांत साचलेली शाई जुन्या टूथब्रशला किंचित स्पिरिट लावून निघते. हे द्रव रंगावर, छापील नाममुद्रेवर किंवा प्लॅस्टिकच्या कळांवर पडू देऊ नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ ज्योत नसावी. ठशांचे दांडे ज्या खाचांत बसतात, तेथे तेल घालणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय. तेलावर धूळ बसते, तिचा चिकटा होतो आणि कळा अधिकच अडकतात. शिवणयंत्राचे तेल कॅरेजच्या रुळांवर थेंबभर पुरते. उघड्या पोलादावरील गंज अतिबारीक पोलादी लोकरीने हलक्या हाताने घासावा. रंग किंवा मुलामा असलेल्या भागावर ती वापरू नये. रोलरचे रबर कडक झाले असल्यास कागदामागे आणखी एक कागद घालावा. ठसा मऊ पडतो आणि कागदही फाटत नाही.

किनारपट्टीवरील काळजी

रत्नागिरी परिसरात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हवेत मीठही असते. यंत्र प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्यास आतील ओल कोंडून गंज वाढतो. त्यापेक्षा सुती कापडाचे आच्छादन घालून, समुद्राकडील खिडकीपासून दूर, भिंतीला न टेकवता ठेवणे चांगले. पेटीत ठेवायचे झाल्यास ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. जून ते सप्टेंबर या काळात आठवड्यातून एकदा यंत्र उघडून कोरड्या कापडाने पुसावे.

वापर हेच जतन

नियमित चालणाऱ्या यंत्राच्या कळा सहसा जखडत नाहीत. आठवड्याला एखादे पत्र, पाककृती किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या आठवणींचे पान टंकलिखित केले, तरी पुरेसे. पहिल्या दिवशी उमटवलेला सर्व अक्षरांचा कागद तारखेसह जपून ठेवावा. कोणत्या कळीवर कोणते चिन्ह होते, हे सांगणारी माणसे आता विरळ होत आहेत. उद्या यंत्र बंद पडले, तरी दुरुस्ती करणाऱ्याला त्या एका कागदावरून मांडणी समजू शकेल.