न पाहिलेल्या पक्ष्यावर टिक

मागच्या रविवारी पाषाण तलावावर आमच्या ग्रुपची पक्षीनिरीक्षणाची फेरी होती. सकाळचे साडेसहा, डोळ्यांवर झोप आणि गळ्यात उसनी दुर्बीण. स्वर्गीय नर्तक सगळ्यांना दिसला, मला दिसली फक्त हललेली फांदी. तरी यादीत टिक मारून टाकली. म्हटलं, एका टिकने काय होतंय? काकांनी वही बघितली. "तू पाहिलास?" "नाही, पण होता ना तिथे..." "मग खोड."

रागच आला खरं तर. पण नंतर टपरीवर चहा पिताना काकांनी रानपिंगळ्याची गोष्ट काढली. घरी येऊन मी आणखी वाचलं, तेच आज लिहितोय.

रानपिंगळा म्हणजे दिवसाही वावरणारं छोटं घुबड. ब्लुइटने १८७२ साली त्याचा पहिला नमुना मिळवला आणि १८७३ साली ए. ओ. ह्यूमने त्याला नाव दिलं. (हो, काँग्रेसच्या स्थापनेतला तोच ह्यूम!) पुढे जेम्स डेव्हिडसनने खानदेशात काही नमुने गोळा केले, त्यातला शेवटचा १८८४ सालचा. त्यानंतर सामसूम.

मात्र एक नोंद नंतरची होती. १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ रानपिंगळा मिळवल्याचा दावा कर्नल माइनर्ट्झहागेनने केला होता. एवढा मोठा माणूस, शंका कोण घेणार? पक्षी शोधणारे मांडवीकडे जात राहिले आणि हात हलवत परतले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने जुने नमुने बारकाईने तपासले. तेव्हा कळलं की साहेबांनी डेव्हिडसनचाच नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरला, पुन्हा भरला आणि त्यावर स्वतःचं लेबल लावलं! आमच्या भाषेत सांगायचं तर एकच रेकॉर्ड कॉपी-पेस्ट करून तारीख आणि ठिकाण बदललं.

मग मांडवी बाजूला ठेवून तिने जुनी खरी ठिकाणं धरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासोबत फिरताना, शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला सापडला. तब्बल ११३ वर्षांनी! डेव्हिडसनने प्रामाणिकपणे लिहिलेलं ठिकाण शंभर वर्षांनंतरही कामी आलं. पुढे मेळघाटात आणि २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो दिसला.

मधल्या काळात किती जंगल तुटलं असेल? पक्षी नक्की कुठे आहे हेच माहीत नसेल तर त्याचं जंगल वाचवायला भांडणार तरी कोण?

पावसाळ्यात आमची रात्रीची बेडूक-फेरी असते. तिथेही काकांचा हाच नियम. नुसतं डरावणं ऐकलं तर 'ऐकला' लिहायचं, 'पाहिला' नाही.

असो. माझ्या यादीत स्वर्गीय नर्तकावर आता काट आहे. पुढच्या रविवारी परत जातोय. कुणी येतंय का, मंडळी?